पहिल्या फळीसाठी विंगर कसा निवडायचा? ग्वाल्हेरच्या हॉकीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

पाऊस उघडला की ग्वाल्हेरात टीमा ठरू लागतात आणि माझा फोन वाजू लागतो. कुणाच्या मुलाला राइट आउटच खेळायचं असतं, तर कुणाच्या भाचीला लेफ्ट आउटला टाकलं म्हणून घरात अबोला असतो. मी स्वतः लेफ्ट आउट खेळलो. आता गुडघे बोलतात म्हणून खेळत नाही, एका टीमच्या निवडीला बसतो. गणपतीच्या आरतीला गेलो तरी प्रसाद हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काका, आमच्या पिंट्याचं काय झालं?" तीच उत्तरं दरवर्षी तोंडी देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेली बरी.

विंगर म्हणजे नक्की कोण? आमच्या वेळी तर राइट आउट, लेफ्ट आउट म्हणायचे.

तोच तो. जुन्या पद्धतीत पुढे पाच जण असायचे: राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आउट. त्यांच्या मागे मधले तीन हाफ आणि बचावाचे दोन बॅक. आता बहुतेक टीमा पुढे तिघांनाच ठेवतात आणि दोन्ही 'इन' मधल्या फळीत विरघळले आहेत. पण कडेच्या रेषेजवळून खेळणारे दोघे तेच राहिले. आमच्या मैदानावर अजून 'आउट'च म्हणतात, पोरं 'विंगर' म्हणतात. खाली दोन्ही शब्द येतील, गोंधळू नका.

जो सगळ्यात वेगात पळतो तो विंगर, एवढं सोपं नाही का?

नाही, आणि हे मी पैसे मोजून शिकलो आहे. एका वर्षी शाळेच्या शर्यतींत सगळ्यांना मागे टाकणारा एक मुलगा मी हौसेनं राइट आउटला घेतला. पहिल्या सामन्यात तो चार वेळा बॅकला मागे टाकून थेट कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत पोचला. चारही वेळा बॉल घेऊन तिथे एकटाच उभा. मान वर केली तेव्हा डीमध्ये (गोलपुढच्या अर्धगोलात) आपलं कुणीच नाही, कारण आपली माणसं अजून पंचवीस यार्डाच्या रेषेपाशी धापा टाकत होती. (ती रेषा आता २२.९ मीटरची आहे, पण तोंडातून पंचवीस यार्डच निघतं.) तोवर समोरच्यांचे दोन बॅक परत आले आणि बॉल गेला. मुलगा वेगवान होता यात शंका नाही. पण तो समोरच्या टीमच्या आधी पोचत होता तसा आपल्या टीमच्याही आधी पोचत होता.

मैदान ९१.४ मीटर लांब असतं, पण विंगर ते एका दमात कधीच पळत नाही. त्याचं काम पहिल्या चार-पाच पावलांत असतं, आणि त्यानंतर थांबण्यात. जो एकाएकी थांबू शकतो त्याच्यापुढे बॅक घसरतो. जो नुसता पळतो त्याला बॅक रेषेकडे ढकलत नेतो आणि बाहेर काढतो. कडेची रेषा हा समोरच्या टीमचा बारावा खेळाडू असतो, तो कधी दमत नाही आणि बदलावाही लागत नाही.

म्हणून निवडताना स्टॉपवॉच आणा, पण बॉलशिवायची धाव मोजू नका. बॉल काठीला आणि मान वर, अशी धाव मोजा. पुष्कळ वेगवान पोरं बॉल आला की एकदम साधारण होतात.

राइट आउट आणि लेफ्ट आउट यांत एवढा काय फरक? इकडचा तिकडे टाकला तर?

या प्रश्नाला मी वेळ देणार आहे, कारण निम्म्या चुका इथेच होतात.

हॉकीची काठी डाव्या अंगाला सपाट आणि उजव्या अंगाला गोल असते. बॉल सपाट बाजूनं खेळायचा. गोल बाजू लागली की शिट्टी. उलट्या बाजूची काठी नियमात नाहीच. म्हणजे मैदान दोन्ही बाजूंना सारखं दिसत असलं तरी खेळणाऱ्यासाठी ते सारखं नसतं, ते एका बाजूला कललेलं असतं.

आता राइट आउट घ्या. त्याच्याकडे बॉल डावीकडून, म्हणजे आतून येतो. तो सपाट बाजूवरच येतो, त्यामुळे धाव न तोडता घेता येतो. समोरच्या बॅकला बाहेरून काढायचं तर तो बॅकच्या डाव्या बाजूनं निघतो. बॅकची ती कमजोर बाजू, तिथे त्याला काठी उलटी करून, बहुतेकदा एका हातानं, वाकून बॉल काढावा लागतो. पुढे शेवटच्या रेषेजवळ पोचल्यावर बॉल डीमध्ये टाकायचा तो उजवीकडून डावीकडे. हा काठीचा नैसर्गिक फटका. राइट आउटचा रस्ता असा सरळ असतो: घे, बाहेरून काढ, सेंटर मार (सेंटर म्हणजे कडेवरून डीमध्ये टाकलेला बॉल).

लेफ्ट आउटचं सगळंच उलटं. बॉल उजवीकडून येतो, त्यामुळे त्याला रेषेकडे पाठ करून अंग मैदानाकडे वळवावं लागतं, नाहीतर रिव्हर्सवर, म्हणजे काठी उलटी फिरवून, घ्यावा लागतो. बाहेरून काढायला जावं तर बॅकची उजवी बाजू लागते, तिथे त्याची अख्खी काठी, दोन्ही हात आणि सगळा जोर तयार असतो. तरीही काढलंच, तर सेंटर डावीकडून उजवीकडे मारायचा. त्यासाठी बॉलला वळसा घालून पाय आणायचे, म्हणजे अर्धा सेकंद गेला, नाहीतर पळतापळता रिव्हर्सनं मारायचा.

म्हणून चांगला लेफ्ट आउट आत कापतो. आत येताना बॅकची कमजोर बाजू मिळते, बॉल स्वतःच्या खुल्या बाजूला राहतो आणि गोल समोर दिसतो. पण प्रत्येक वेळी आतच आला तर दहाव्या मिनिटाला बॅकला ते कळतं. मग बाहेरून जायची भीती त्याला अधूनमधून दाखवावी लागते, आणि ती खरी वाटायला रिव्हर्सचा फटका असावाच लागतो.

राइट आउट दहा मिळतात, लेफ्ट आउट एक मिळतो. लेफ्ट आउट खेळलेला माणूस हे लिहितो आहे, तेव्हा थोडं तिखटमीठ धरून चाला. पण उरलेला राइट आउट डावीकडे 'ढकलून देऊ' असं म्हणणाऱ्या निवडकर्त्याला मी एकच विनंती करतो: त्या पोराला डाव्या रेषेवरून पळताना रिव्हर्सनं पाच सेंटर मारायला लावा आणि स्वतः डीमध्ये उभे राहा. पाचांतला एक जरी पायाशी आला तरी चहा माझ्याकडून.

माझा मुलगा डावखुरा आहे. मग तो लेफ्ट आउटला चांगला ना?

बिचाऱ्याचा काही संबंध नाही. काठी सगळ्यांची एकच, डावा हात वर आणि उजवा खाली. उलट बॉल फिरवण्याचं काम वरचा डावा हातच करतो, त्यामुळे डावखुऱ्या मुलांचं मनगट काही वेळा लवकर वळतं. पण त्यावरून जागा ठरत नाही.

मग तुमच्या मते विंगर निवडायची खरी कसोटी कोणती?

विंगर एकटा निवडायचाच नाही. जोडी निवडायची. आधी आतला माणूस कोण ते ठरवा, मग बाहेरचा शोधा.

हे शहर गाण्याचं आहे, म्हणून तसंच सांगतो. मैफलीला तबलजी ठरवताना 'गावातला सगळ्यात तयार हात कुणाचा' असं कुणी विचारत नाही. गाणार कोण, त्यांची लय कुठली, त्यांना मोकळी जागा लागते की भरीव ठेका, हे आधी बघतात. तयार हाताचा तबलजी चुकीच्या गवयामागे बसला की दोघांचंही पडतं.

इथलंच उदाहरण घ्या. कॅप्टन रूपसिंग ग्वाल्हेर संस्थानच्या शिंदे सरकारच्या फौजेत होते आणि त्यांचं आयुष्य ग्वाल्हेरात गेलं. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, लेफ्ट इन. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारतानं अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्यात रूपसिंगांचे एकट्याचे १० गोल. हा आकडा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांच्या बाहेर लेफ्ट आउटला कोण होता, हे बाड्याच्या चौकात उभं राहून शंभर जणांना विचारा, दोघेही सांगणार नाहीत. सय्यद जाफर. १९३२मध्येही तोच आणि १९३६च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यातही तोच, जिथे भारतानं जर्मनीला ८-१ असं हरवलं. चार वर्षांनीही रूपसिंगांच्या बाहेर तोच माणूस ठेवला गेला, यातच सगळं आलं. लेफ्ट आउटनं बॅकला रेषेकडे खेचलं, की लेफ्ट इनला आत मोकळं अंगण मिळतं.

जाता जाता एक सल सांगतो. रूपसिंगांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं. बाहेरच्या जगाला ते माहीत आहे २४ फेब्रुवारी २०१०ला सचिननं तिथे केलेल्या नाबाद २०० धावांमुळे. मीही त्या दिवशी नाचलोच, खोटं कशाला बोलू. पण नाव हॉकीवाल्याचं आहे, एवढं पोरांना सांगत चला.

नंतरच्या काळातली जोडी हवी असेल तर मोहम्मद शाहिद आणि झफर इक्बाल. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्पेनला ४-३ असं हरवून सुवर्ण मिळालं, त्या टीममधले दोघे. शाहिदचा डॉज (बॅकला हूल देऊन निसटणं) बघायला लोक यायचे. झफर डाव्या रेषेवरून त्याला जागा करून द्यायचा आणि त्यानं काढलेला बॉल कामाला लावायचा. शाहिदच्या बाहेर दुसरा शाहिद ठेवला असता तर दोघांनी एकाच बॉलवर कसरत केली असती.

तेव्हा आतला खेळाडू बॉल धरून ठेवणारा असेल, तर बाहेर लवकर सुटणारा, न मागता जागा घेणारा हवा. आतला एका स्पर्शात बॉल सोडणारा असेल, तर बाहेरचा डॉजवाला चालतो. आणि मागचा हाफ पुढे चढून येणारा असेल, तर विंगरला आत सरकून त्याच्यासाठी रेषा मोकळी करता आली पाहिजे. दोघेही रेषेवरच गेले की गर्दी कंपूच्या चौकासारखी होते.

ट्रायलमध्ये नेमकं काय करून घेता?

पहिल्या दिवशी पंचवीस यार्डापासून शेवटच्या रेषेपर्यंत धाव आणि पेनल्टी स्पॉटकडे सेंटर. दहा उजवीकडून, दहा डावीकडून. मध्ये विश्रांती कमी. पहिल्या तीनकडे मी बघत नाही, तेव्हा सगळेच ध्यानचंद असतात. सातवा, आठवा, नववा बघतो.

मग दोनास एक: विंगर आणि त्याचा आतला साथीदार, समोर एक बॅक. इथे मी विंगरच्या पायांकडे नाही, डोळ्यांकडे बघतो. बॉल मिळायच्या आधी त्यानं खांद्यावरून मागे किती वेळा बघितलं? जो बॉल आल्यावर बघायला लागतो, त्याला चांगल्या टीमपुढे वेळ मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी साधा सामना, आणि मी साथीदार मुद्दाम बदलतो. पहिल्या डावात ज्याच्याबरोबर जमलं त्याला काढून दुसरा देतो. काही पोरं चिडतात, हात पसरून उभी राहतात. काही जण दोन मिनिटांत नव्याशी बोलायला लागतात, "तू आत थांब, मी मागून येतो." या दुसऱ्या पोरांची नावं मी वहीत लिहून घेतो.

अजून एक गोष्ट, जी कुणाच्या लक्षात येत नाही. बॉल दुसऱ्या कडेला असताना हा विंगर काय करतो? बॉल उजवीकडे असेल तर लेफ्ट आउटची जागा दुसऱ्या पोस्टाजवळ, काठी जमिनीला टेकवून. राइट आउटनं मारलेला सेंटर सगळ्यांच्या पायांमधून निसटून तिथेच येतो. बहुतेक पोरं त्या वेळी रेषेवर उभी राहून टाळ्या वाजवत असतात.

गोल किती मारले ते बघत नाही?

बघतो, पण शेवटी. शाळेच्या सामन्यांत दुबळ्या टीमविरुद्ध मारलेले गोल मोजून पाठवणारे पालक पुष्कळ आहेत. डीच्या आतून मारला तरच गोल धरतात, म्हणजे विंगरला गोल करायचा तर तिथे पोचावं लागतं. तो पोचला का, योग्य वेळी पोचला का आणि त्याच्यामुळे दुसऱ्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला का, ते मला महत्त्वाचं वाटतं. डीमध्ये शिरून बॅकच्या पायाला बॉल लावून कॉर्नर काढणं ही एक कलाच आहे. हलकी कला म्हणून तिला हिणवतात, पण आपल्याकडे चांगला ड्रॅग फ्लिकर (कॉर्नरवर बॉल काठीनं ओढून गोलात फेकणारा) असेल तर असा विंगर सोन्यासारखा.

विंगरनं बचावाला मागे यायचं की पुढेच थांबायचं?

पूर्वी पुढे थांबता यायचं असं लोक म्हणतात, पण पूर्वी ऑफसाइडही होता. तो नियम नव्वदच्या दशकात गेला, तेव्हा पुढे उभं राहायला आता कुणाची ना नाही. तरीही नुसता उभा राहणारा विंगर परवडत नाही, कारण समोरच्यांचा बॅक मोकळेपणी बॉल घेऊन वर येतो.

विंगरचा बचाव म्हणजे बॉल हिसकावणं नव्हे. समोरच्या बॅकला एकच रस्ता उघडा ठेवायचा, आणि तो आपल्याला हवा असलेला. काठी जमिनीवर, अंग अर्धं वळलेलं, घाई नाही. घाईनं मागून काठी मारणारे विंगर हिरवं कार्ड खाऊन दोन मिनिटं बाहेर बसतात, पिवळं मिळालं तर निदान पाच, आणि तेवढा वेळ बाकीचे दहा जण त्याच्या नावानं बोटं मोडतात. निवडीत दोन मुलं तुल्यबळ असली तर मी बॉल गमावल्यानंतरची पहिली तीन सेकंदं बघतो. एक जण कमरेवर हात ठेवतो, दुसरा वळतो. माझा निर्णय तिथेच होतो.

आमचा मुलगा मातीवर शिकला आहे. टर्फवर टिकेल का?

टिकेल, पण पहिले काही महिने बावरेल. मातीवर बॉल उडतो, त्यामुळे मातीवरची पोरं बॉल काठीला चिकटवून ठेवतात आणि त्यांचे हात गोड असतात. टर्फवर बॉल सरळ आणि जोरात येतो. तिथे आधी थांबवणं, मग सोडणं, मग डॉज. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम मैदान आलं. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. जगज्जेत्यांना जड गेलं, तर तुमच्या चिरंजीवांना चार महिने द्यायला हरकत नाही.

आठवड्यातून दोन दिवस तरी टर्फवर खेळायला मिळेल अशी सोय बघा. ग्वाल्हेरात ती इतर शहरांपेक्षा बरी आहे. मे महिन्यात मात्र दुपारी टर्फवर पाय ठेवू नका, आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि टर्फ त्याहून तापतं.

मुलींच्या टीमसाठी हेच निकष का?

हेच. राज्याची महिला हॉकी अकादमी २००६पासून ग्वाल्हेरातच आहे, आणि तिथल्या मुलींना खेळताना बघून मी स्वतः दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे त्या मैदानावर एकमेकींशी सतत बोलतात. आमची पोरं गोल झाल्यावरच बोलतात. दुसरं, बॅकला अंगाच्या जोरानं ढकलून जायचा मोह त्यांना कमी असतो, म्हणून वळण आणि वेळ यांवर त्यांचा भर जास्त. मुलगी विंगर व्हायची असेल तर तिला मुलांच्या सामन्यात नुसती उभी करून 'बघ कसं खेळतात' म्हणू नका. खेळवा.

पहिल्या अकरात घेतलं नाही. म्हणजे दुसऱ्या फळीचा ठरला का?

नाही हो. आता खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात. मोठ्या सामन्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात आणि पुढच्या फळीतले लोक दर काही मिनिटांनी बदलतात. तेव्हा सुरुवात कुणी केली याला लग्नपत्रिकेवरच्या नावांइतकंच महत्त्व. शेवटच्या पाच मिनिटांत, एका गोलची आघाडी असताना, मैदानावर कोण आहे ते बघा. तिथे तुमचा मुलगा असेल तर निश्चिंत झोपा.

मी पुढचे चारजण दोन जोड्यांत बदलतो, एकेकटा नाही. डावी जोडी एकत्र बाहेर, नवी जोडी एकत्र आत. जमलेली जोडी तोडून अर्धी बाहेर काढली की उरलेला अर्धा पोरका होतो.

मोबाइलवर 'टॉप लाइन विंगर' असं वाचलं. ते हेच का?

ते बर्फावरचं. आइस हॉकीत गोलीसह सहा जण, पुढे तिघे: मध्ये सेंटर, कडेला दोन विंगर. या तिघांच्या गटाला 'लाइन' म्हणतात. टीमकडे साधारण अशा चार लाइन असतात आणि सगळ्यात तगडी ती टॉप लाइन. एक लाइन बर्फावर जेमतेम पाऊण मिनिट असते, मग दुसरी, तीही खेळ चालू असताना कठड्यावरून उडी मारून. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, आपलं साधारण ३०० आणि १८०. म्हणजे तिथे बाहेरून वळसा घालायला जागाच नाही, आणि रेषेच्या जागी भिंत आहे. बॉल बाहेर जात नाही, भिंतीला आपटून परत येतो. (तिथे बॉल नसून रबराची चकती असते, पण असो.) त्यामुळे तिथल्या विंगरला भिंतीशी झटापट करून चकती काढता आली पाहिजे.

अजून एक मोठा फरक. तिथे डाव्या-उजव्या दोन्ही हातांच्या काठ्या चालतात. म्हणून काही प्रशिक्षक डाव्या हातानं मारणारा खेळाडू मुद्दाम उजव्या कडेला ठेवतात, म्हणजे आत येताना गोल चांगल्या कोनात मिळतो. आपल्या लेफ्ट आउटचं दुःख त्यांना माहीतच नाही.

पण जोडीची गोष्ट तिथेही तीच. एडमंटनचा वेन ग्रेट्झकी मध्ये आणि फिनलंडचा यारी कुरी उजव्या कडेला, ही जोडी तिथले लोक आपण शाहिद-झफर काढतो तशी काढतात. आपल्याकडे हा खेळ लेह-कारगिलच्या गोठलेल्या तळ्यांवर चालतो. भारताच्या मुलींनी २०२५च्या आशिया चषकात कांस्यही आणलं. ग्वाल्हेरात मात्र बर्फ फक्त उसाच्या रसात.

उंची किती हवी? वजन? काठी कुठली?

उंचीला काही बंधन नाही. बुटक्या विंगरचा तोल खाली असतो, उंच विंगरची पोच लांब. काठी एवढीच बघा की ती कमरेजवळ येते का आणि पोर ती एका हातात पेलून पळू शकतं का. रिव्हर्स मारायचा तर जड काठी नको. महागडी काठी घेऊन येणाऱ्या पोरांबद्दल मी काही बोलत नाही, पैसे तुमचे आहेत.

ओळखीनं काही होतं का?

एका वर्षी एका वजनदार माणसाची चिठ्ठी आली आणि मी त्या पोराला घेतलं. पोर वाईट नव्हतं, पण राइट इनला त्याचं कुणाशी पटेना. दोन सामन्यांत ते स्वतःच येऊन म्हणालं, "काका, मला हाफला टाका, इथे मला कुणी बॉल देत नाही." तिथे ते छान खेळलं. चिठ्ठी देणारे मात्र अजून रागावलेले आहेत, कारण त्यांना गोल करणारा नातू हवा होता.

विंगवरून मुलाला हलवायचं केव्हा?

बॉल मागायचं त्यानं बंद केलं की. चुकतो म्हणून हलवू नका, विंगर चुकणारच. डॉजमध्ये तीनदा अडकून चौथ्यांदा निघणारा माणूस हवा असतो. पण चार सामने तो रेषेला चिकटून गप्प उभा असेल, तर आधी त्याला नव्हे, त्याच्या आतल्या साथीदाराला विचारा. पुष्कळदा उत्तर तिथे सापडतं.

ट्रायलला येताना काय आणायचं?

काठी, पॅड, दातांचं गार्ड, दोन बाटल्या पाणी. पोटात जड काही नको, बेडई (डाळ भरलेली पुरी) परत जाताना खा. प्रमाणपत्रांची फाइल घरी ठेवा. आणि तुमचा मुलगा रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर खेळतो तो मित्र येऊ शकत असेल, तर त्यालाही घेऊन या.